मनगट आधी, चाक नंतर

गेल्या वर्षी कापडाच्या खरेदीसाठी मी चीनच्या शाओशिंग शहरी जाणार होतो. निघण्यापूर्वी भाच्याने फर्माईश केली, "मामू, येताना विजेवर चालणारे एकचाकी आणा." दोन पायांच्या मध्ये एकच चाक, ना हँडल, ना बैठक. चौकशी केली तेव्हा कळले की १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी विमानात प्रवासी सामानातून नेता येत नाही, आणि कामाच्या एकचाकीत ती ५०० ते १००० वॉट-अवरची असते. मी नकार दिला. भाच्याने मग इथेच कुणाकडून तरी एक जुने चाक स्वस्तात घेतले. तिसऱ्या दिवशी तो पडला आणि उजवे मनगट मोडले.

भाचा जरदोजीचा कारागीर आहे. दोन महिने अड्ड्यावर बसता आले नाही, हातातली ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. चाकात वाचवलेले पैसे प्लास्टरात आणि बुडालेल्या रोजीत कधीच फिटून गेले. आपल्या तरुणांत हा शौक वाढतो आहे, म्हणून हे लिहिणे मला गरजेचे वाटले.

या यंत्राची गोम समजून घ्यावी. आपण पुढे झुकलो की आतले सेन्सर ते ओळखतात आणि मोटर चाक पुढे ढकलून आपल्याला सावरते. मागे झुकलो की ब्रेक लागतो. म्हणजे मोटर नुसते पळवत नाही, उभेही तीच ठेवते. तिची सगळी ताकद वेगात खर्च झाली तर सावरायला काही उरत नाही आणि माणूस थेट तोंडावर आपटतो. बॅटरी उतरलेली असेल, स्वार वजनदार असेल किंवा चढ असेल, तर ही वेळ लवकर येते. तत्पूर्वी चाक शिटी वाजवते, पायाखालच्या पट्ट्या मागे झुकवते. तो इशारा म्हणजे हुकूम समजावा.

व्यापारी सगळे भांडवल एकाच सौद्यात घालत नाही, काही शिल्लक राखतो. एकचाकीतही तेच. पहिले चाक अगदी लहान घेऊ नये आणि महाकायही घेऊ नये. १६ इंचाचे, १५ ते २० किलो वजनाचे, हजार वॉटच्या आसपास मोटरचे चाक नवशिक्याला पुरते. दर किलोमीटरला साधारण २० वॉट-अवर खर्च धरला तर ५०० वॉट-अवरची बॅटरी २५ किलोमीटर देईल. जाहिरातीतला आकडा याहून मोठा असतो. तीस किलोच्या पुढचे धूड शिकताना अंगावर येते आणि जिन्यावरून नेताना कंबर मोडते. जुने घेताना बॅटरी किती वर्षांची आहे, चाक पाण्यात भिजले होते का, हे विचारावे. बॅटरी कुणी उघडून जोडलेली असेल तर फुकट मिळाले तरी घेऊ नये. लिथियमची आग गोदामात लागली तर कापडाचा एक तागा हाती लागायचा नाही.

आता हिफाजतीचे सामान. पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो, म्हणून पहिली खरेदी मनगटाच्या रक्षक पट्ट्यांची, ज्यात तळहाताकडे कडक पट्टी असते. दुसरी हेल्मेटची: आयएसआय शिक्क्याचे, आणि हनुवटी झाकणारे असेल तर उत्तम, कारण आपटते ते तोंड. नंतर गुडघे व कोपरांची कवचे. चाक नडगीवर आदळते, म्हणून नडगीलाही पॅड आणि घोटा झाकणारे बूट. चाकाभोवती फोम गुंडाळला तर तेही वाचते.

शिकायला मोकळे मैदान आणि धरायला भिंत किंवा कठडा हवा. रोज वीस मिनिटे, आठ-दहा दिवस. हौस म्हणून कुणाला मागे उभे करू नये. आधार सुटला तरी वेग सायकलीपेक्षा जास्त नको.

कायद्याचेही बघावे. आपल्याकडे नोंदणीतून सूट मिळते ती २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरी वाहनांना. एकचाकीची मोटर त्याच्या कितीतरी पुढची. नंबर नाही, विमा नाही; रस्त्यावर कुणाला धडक बसली तर भरपाई आपल्याच खिशातून. तेव्हा हे चाक मैदानात आणि खासगी आवारातच चालवावे. कामावर जाण्याचे वाहन म्हणून त्याचा हिशेब मांडू नये.

काही बांधव म्हणतील, शौकाच्या वस्तूत एवढा एहतियात कशाला? कारागिराची दुकानदारी त्याच्या हातात असते, म्हणून. खिशात शंभर रुपये असतील तर पहिले वीस अंगरक्षक सामानाला, उरलेले चाकाला. तेवढ्यात चाक बसत नसेल तर थांबावे. चाक पुढच्या वर्षीही मिळेल. भाच्याचे मनगट आता जुळले आहे, पण बारीक टाका घालताना ते अजून दुखते.