नकार म्हणजे शेवट नव्हे



'बांधकाम परवानगी नाकारली की विषय संपला' हे याआधी छापून आलेल्या पत्राच्या लेखकाचे म्हणणे मला अजिबात पटत नाही. असेच समजून माझ्या भावाने नकाराचे पत्र कपाटात ठेवले. ते पुन्हा हाती घेतले तेव्हा अपिलाची मुदत उलटून गेली होती आणि कॉलमच्या सळ्या उघड्यावर गंजत होत्या.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 नुसार नकाराची कारणे लेखी द्यावीच लागतात. आदेश कळल्यापासून 40 दिवसांत कलम 47 खाली शासनाकडे अपील करता येते. म्हणून पत्र हाती पडताच त्यावर तारीख लिहावी, पाकीटही जपून ठेवावे.

विनापरवानगी बांधकामाबद्दल कलम 53 ची नोटीस आली तरी तिच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. निर्णय होईपर्यंत नोटीस लागू होत नाही.

मात्र नियम लोकांना छळण्यासाठीच असतात, हे पत्रलेखकाचे वाक्य मला लागले. आपल्याच लोणारला दैत्यसूदन मंदिरासारख्या संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. तिथला नकार मी मनापासून मान्य करीन.

— एक वाचक, जि. बुलढाणा