आखूड पाना

मृग नक्षत्र जवळ आले की आम्हां खानापूरकरांची लगबग सुरू होते. घर शाकारायचे असते, जळण आत घ्यायचे असते, छत्र्यांच्या काड्या बांधायच्या असतात. या कामांत आमच्या घरी दरवर्षी आणखी एकाची भर पडते : वडिलांच्या येझदीचे तेल बदलणे.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने या गाड्या तयार होऊ लागल्या. १९९६ साली कारखाना बंद झाला; आमच्या पडवीतली गाडी मात्र अजून चालते. किक मारायचा आणि गिअर बदलायचा दांडा एकच, आणि इंजिनाचे तेल पेट्रोलातच मिसळायचे, हे तिचे विशेष घरातल्या मुलांनाही पाठ आहेत. बदलावे लागते ते गिअरपेटीचे तेल. क्लचही त्यातच भिजत असतो.

गेल्या वर्षी हे काम आम्ही ढकलत ढकलत एका रात्रीवर आणले. दुसऱ्या दिवशी आईला डोळे दाखवायला बेळगावला न्यायचे होते. जुने तेल काढले, तळाचा बोल्ट बसवला, नवे तेल ओतले. पाहतो तो बोल्टाच्या कडेने थेंब पाझरतो आहे. आवळला, तरी पाझरतोच. वडिलांच्या पिशवीतला पाना जेमतेम वीतभर. एवढ्याशा पान्याने काय होणार, असे म्हणून आम्ही बागेतली लोखंडी नळी त्यावर चढवली आणि जोर लावला. बोल्ट क्षणभर घट्ट झाला आणि एकाएकी मऊ लागला. आटे गेले होते. थेंब मात्र थांबला होता. आम्ही तेवढ्यावर मनाची समजूत घातली, हात धुतले आणि घरात कोणाला काही बोललो नाही.

पहाटे सडा घालायला निघालेल्या आईने हाक मारली, "अरे, इथं हे तेलकट काय पसरलंय?" बोल्ट गळून पडला होता आणि सारे तेल फरशीवर आले होते. जिच्या डोळ्यांसाठी जायचे, तिलाच ते प्रथम दिसले. तोच बोल्ट वाटेत गळला असता तर? गिअरपेटी कोरडी पडून आवळली असती, तर भर रस्त्यात मागचे चाक जागीच थांबले असते, आणि पाठीमागे आई बसलेली असती.

गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेली. बोल्ट पाहून ते म्हणाले, "वायसर बदलायचं की हो मालक, पिळलात कशाला?" पाझर होता तो चेपलेल्या तांब्याच्या वायसरमुळे, त्यावर जोराचा उपाय चालत नाही. बोल्ट पोलादी आणि पेटी ॲल्युमिनियमची, तेव्हा झिजायचे ते मऊ धातूनेच. वीस सेंटिमीटरच्या पान्याऐवजी साठ सेंटिमीटरची नळी धरली, तर हाताचा तेवढाच जोर बोल्टाला तिप्पट पीळ देतो. पाना आखूड असतो तो हाताला आवर राहावा म्हणून. मिस्त्रींनी भोक मोठे करून नवे आटे पाडले आणि जाड बोल्ट बसवला.

आई त्या दिवशी शेजारच्या मुलीबरोबर बसने जाऊन आली. संध्याकाळी एवढेच म्हणाली, "रात्रीच सांगितलं असतंस तर?" गाडीविषयी चकार शब्द काढला नाही.

ज्या वाचकांच्या घरी अशी जुनी गाडी असेल, त्यांनी तेल बदलताना दर वेळी नवे वायसर घालावे. बोल्ट आधी बोटांनी फिरवून सरळ बसतो ना ते पाहावे. मग आखूड पान्यानेच आवळावा. आणि हाताला तो मऊ लागलाच, तर त्याच रात्री घरात सांगावे.