चिंगीचं वाळूचं घमेलं

चिंगी घरी आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. शेजारच्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाऱ्यात जन्मलेलं गावठी कुत्र्याचं पिल्लू. आल्या आल्या तिनं दिवाणखान्यातल्या पायपुसण्यावर शू केली आणि मी जोरात ओरडलो. ते ओरडणं मला आजही बोचतं.

कारण चिंगी त्यातून शिकली, पण भलतंच. घरात करू नये हे नव्हे, तर या माणसासमोर करू नये. मी तिला गॅलरीत नेऊन उभा राहायचो, ती माझ्याकडे बघत तशीच बसून राहायची. आत आलो की गुपचूप चपलांच्या कपाटामागे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नाक घासा तिचं त्यात, आपोआप कळेल." काकूंचं मन चांगलं आहे, पण हा सल्ला कुणीही ऐकू नये. झाल्या गोष्टीची शिक्षा पिल्लाला त्या गोष्टीशी जोडताच येत नाही. त्याला कळते ती फक्त आपली भीती.

खरं तर पिल्लू स्वच्छतेची समज घेऊनच येतं. पहिले दोन-तीन आठवडे आई चाटते तेव्हाच त्याला शी-शू होते. पाय फुटले की ते स्वतःच झोपायची जागा सोडून बाजूला जातं. मात्र आपलं अख्खं घर ही झोपायची जागा आहे, हे त्याला कोण सांगणार? आणि दोन महिन्यांच्या जिवाला फार वेळ शू धरवतच नाही. जागेपणी दोन-तीन तास म्हणजे डोक्यावरून पाणी. वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तितके तास, असा ढोबळ हिशेब आहे. तोही कमाल मर्यादेचा.

म्हणून मग घड्याळ आम्हीच लावून घेतलं. झोपेतून उठली की लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळ थांबला की, आणि रात्री एकदा गजर लावून. मधल्या वेळेत नजर तिच्यावर. नाक फरशीला लावून ती गोल फिरू लागली, की उचलायची आणि गॅलरीत न्यायची. लसी पूर्ण व्हायच्या होत्या, त्यामुळे पार्वो आजाराच्या भीतीनं रस्त्यावर सोडता येत नव्हतं.

तरी गॅलरीत अंथरलेल्या कागदावर ती काही केल्या बसेना. मग एका संध्याकाळी लक्षात आलं, हिच्या पायांना ओळख आहे ती वाळूची! त्याच ढिगाऱ्यातली वाळू घमेलंभर मागून आणली. चिंगीनं पुढचे दोन पाय आत टाकले, हुंगलं, जरा उकरलं आणि बसली. मी श्वास रोखून उभा. झाल्याबरोबर, तिथल्या तिथे, उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दिला. घरात येऊन दिला असता तर तिला वाटलं असतं, बक्षीस घरात येण्याचं आहे.

कपाटामागची जागा फिनेलनं पुसून भागलं नाही. आपल्या नाकाला वास गेला, तिच्या नाकाला नाही. एन्झाइमचं क्लीनर आणून दोनदा धुतलं, तेव्हा ती तिकडे फिरकेनाशी झाली.

आता घमेल्यातली वाळू दर दोन दिवसांनी बदलतो. जुन्यातली मूठभर मात्र तळाशी राहू देतो, म्हणजे वासावरून तिला जागा सापडते.