सूत्रातील शेवटचा आकडा

१८ मार्च १९८७. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात भौतिकशास्त्रज्ञांची सभा पहाटे तीनपर्यंत चालली. उच्च तापमानाच्या अतिवाहकतेचा इतिहास याच रात्रीपासून सांगण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा अपुरी आहे. तिच्यात विक्रम आहेत, प्राणवायू नाही.

खरे तर कथेचा आरंभच प्राणवायूपासून होतो. फ्रान्समधील कां शहरी क्लोद मिशेल व बर्नार राव्हो तांब्याच्या ऑक्साइडांत प्राणवायूचे प्रमाण बदलले की वाहकता कशी बदलते, हे अभ्यासत होते. त्यांची मोजमापे उणे १०० ते ३०० अंश सेल्सिअस एवढ्यातच राहिली. त्यांचा १९८५ चा निबंध वाचून झुरिचजवळ बेडनोर्ट्झ व म्युलर यांनी तशाच पदार्थाला आणखी खाली, अतिशीत तापमानाकडे नेले. १९८७ चे नोबेल त्यांना मिळाले.

पुढे आले यिट्रियम, बेरियम व तांबे यांचे प्रसिद्ध ऑक्साइड. त्याच्या सूत्रात प्राणवायू ६ असेल तर ते विद्युतरोधक, ६.५ च्या आसपास अतिवाहकता सुमारे ६० केल्विनला, ६.९५ जवळ सुमारे ९३ केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनहूनही वर. साखळ्यांत शिरलेला प्राणवायू शेजारच्या थरांतून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि पदार्थाचा स्वभावच पालटतो.

भुकटी प्राणवायू लवकर शोषते. मिलिमीटरभर रुंदीचा एकस्फटिक मात्र ४००-५०० अंशांना, प्राणवायूच्या प्रवाहात, कित्येक दिवस, कधी आठवडे ठेवावा लागतो. घाई केली तर बाहेरचा थर तृप्त आणि गाभा उपाशी! एकाच नावाच्या पदार्थावर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळेनात, याचे एक मोठे कारण हेच. मूसही निर्दोष नव्हती: अॅल्युमिनाच्या मुशीतील अॅल्युमिनियम गुपचूप स्फटिकात, तेही नेमके साखळ्यांत, जाऊन बसे. बेरियम झिर्कोनेटच्या मुशी १९९५ च्या सुमारास जिनीव्हात आल्या, तेव्हा कुठे शुद्ध स्फटिक हाती लागले.

२००७ मध्ये तुलूझ येथील प्रबळ चुंबकांत या पदार्थातील इलेक्ट्रॉनांची पुंज-आंदोलने प्रथमच दिसली. वीस वर्षे अनेकांना ती अशक्यप्राय वाटत होती. स्फटिक व्हँकुव्हरचे होते; प्राणवायू नेमका ६.५, आणि साखळ्या एक भरलेली, एक रिकामी, अशा क्रमाने लावलेल्या. त्या निबंधाच्या नऊ लेखकांत स्फटिक वाढविणाऱ्या रुइशिंग लियांग यांचे नाव सहावे आहे.