क्रम सांगितला, कारण राहिले

उत्तर अमेरिकेत घरामागच्या डेकवर किंवा हिरवळीवर ठेवण्यासाठी जे लाकडी बाक, खुर्च्या आणि टेबले घेतली जातात, त्यांपैकी बरीचशी आज किटच्या रूपाने, म्हणजे कारखान्यात कापून, घासून, भोके पाडून आणि नट-बोल्टांच्या पिशवीसह पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून घरी येतात, आणि त्यांची अखेरची जोडणी घेणाऱ्याने स्वतः करावी अशी अपेक्षा असते. ही जोडणी म्हणजे चित्र पाहून तुकडे जुळवणे, तिला ज्ञान लागत नाही, फक्त मोकळा शनिवार लागतो, असा समज विकणाऱ्यांमध्ये आणि घेणाऱ्यांमध्ये सारखाच रुजलेला आहे. हा समज चुकीचा आहे, आणि उघड्यावरचे लाकडी सामान अकाली डुगडुगू लागते, चिरते किंवा कुजते याचे एक मोठे कारण या समजातच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. कारखाना करवतीचे आणि रंध्याचे काम पुरे करून पाठवतो हे खरे. परंतु सांधा बसवण्याचे काम, ज्याच्यावर वस्तूचे आयुष्य ठरते, ते तो अनोळखी हातांवर सोपवतो, आणि त्या हातांना क्रम सांगताना क्रमामागचे कारण सांगत नाही.

सुटे करून नेता येणाऱ्या सामानाचा इतिहास पाहिला तर त्याच्या रचनेत केवढा विचार असू शकतो हे ध्यानात येते. मिखाएल थोनेट यांच्या व्हिएन्नातील उद्योगाची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ साली आली. वाफेने वाकवलेले सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा संसार होता, आणि सुट्या अवस्थेत एका घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या मावत. ती कॅफेतली, म्हणजे छपराखालची खुर्ची होती. उघड्यावरच्या सामानाच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण भारतातले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकी येथील लष्करी अभियंत्यांच्या तळाशी जिचे नाव जोडले गेले त्या रुरकी खुर्चीत सरस नाही आणि खिळाही नाही. पायांना पाडलेल्या निमुळत्या भोकांत आडव्या दांड्यांची निमुळती टोके नुसती सरकवलेली असतात, त्यांवर कॅनव्हास ताणलेले असते, आणि बसणाऱ्याचे वजनच सांधे आवळून धरते. छावणीतली जमीन खडबडीत असली तरी प्रत्येक पाय आपापल्या जागी टेकतो, कारण सांधा किंचित हलू शकतो. ही हालचाल मुद्दाम ठेवलेली असून तिच्यामुळेच ती खुर्ची टिकते. डॅनिश रचनाकार कोरे क्लिंट यांनी १९३३ साली आपली सफारी खुर्ची याच घडणीवर बेतली.

उत्तर अमेरिकेत सर्वाधिक परिचित असलेली खुर्ची मात्र ॲडिरॉन्डॅक ही होय, जिला कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात मस्कोका खुर्ची म्हणतात. न्यूयॉर्क राज्यात शॅम्प्लेन सरोवराच्या काठी वेस्टपोर्ट येथे थॉमस ली यांनी १९०३ साली आपल्या उन्हाळी घरासाठी अकरा फळकुटांची एक उतरत्या बैठकीची, रुंद हातांची खुर्ची तयार केली, आणि १९०५ साली हॅरी बनेल या स्थानिक सुताराने तिच्या सुधारित रूपाचे पेटंट मिळवले. मूळ वेस्टपोर्ट खुर्चीची पाठ रुंद अखंड फळीची होती. आज किटमधून येते ती पाठ पाच किंवा सात अरुंद पट्ट्यांची, पंख्यासारखी पसरलेली असते. हा बदल रुंद, बिनगाठीच्या फळ्या महाग झाल्यामुळे झाला असे साधारणतः मानले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे. पण त्याने आणखी एक गोष्ट साधली, जी समजल्याशिवाय कोणत्याही किटची जोडणी नीट करता येत नाही.

ती गोष्ट म्हणजे लाकडाचे फुगणे आणि आकसणे. झाड तोडल्यावर लाकडातील पाणी आटत जाते, आणि ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतीच आकसू लागतात. हवा दमट झाली की त्या पुन्हा फुगतात, आणि हे चक्र लाकूड असेतो चालू राहते. मात्र हा बदल सर्व दिशांना सारखा नसतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेने तो नगण्य, तर आडव्या दिशेने बराच असतो, आणि त्यातही वाढीच्या वलयांना समांतर असलेल्या दिशेत तो वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असतो. किटमध्ये नेहमी आढळणाऱ्या वेस्टर्न रेड सीडर या लाकडाचे पूर्ण वाळताना होणारे आकुंचन वलयांना समांतर सुमारे ५ टक्के आणि वलयांना छेदून सुमारे २.४ टक्के इतके असते. समजा, गोदामात ८ टक्के ओलावा असलेली १४ सेंटिमीटर रुंदीची फळी डेकवर पावसापाण्यात १८ टक्क्यांपर्यंत गेली, तर ती रुंदीत दोन मिलिमीटरांहून अधिक वाढेल. ४२ सेंटिमीटरांच्या अखंड पाठीत हीच वाढ सात मिलिमीटरांच्या घरात जाते. पट्ट्यांच्या पाठीत ती सात ठिकाणी वाटली जाते आणि मधल्या फटी तिला जागा देतात. कोकणातल्या घरांत श्रावण-भाद्रपदात दार चौकटीत अडकते आणि दिवाळीनंतर आपोआप सुटते, त्यामागेही हेच कारण आहे.

आता किटमधील एका बारीक तपशिलाकडे पाहावे. टेबलाच्या वरच्या पट्ट्यांना खालून आडवी पट्टी जोडण्यासाठी जी भोके असतात, त्यांतली काही चांगल्या किटमध्ये गोल नसून लांबट असतात. जोडणाऱ्याला ती ढिसाळ कामाची खूण वाटतात. स्क्रू हलतो असे पाहून तो शेजारी दुसरा स्क्रू ठोकतो, किंवा भोकात सरस भरून सांधा घट्ट करून टाकतो. वस्तुतः ते लांबट भोक म्हणजे पट्टीला फुगण्या-आकसण्यासाठी राखून ठेवलेली वाट असते. ती बुजवली की पट्टी दोन्ही कडांना जखडली जाते, आणि कोरड्या हवेत आकसू पाहणाऱ्या लाकडाला आपल्याच तंतूंमधून फाटण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सूचनापत्रकात त्या भोकाचे चित्र असते, स्क्रूचा क्रमांक असतो, बाणही असतो. भोक लांबट का, एवढे मात्र कुठेही नसते.

दुसरा तपशील बॅरल नटचा, म्हणजे आडव्या भोकात बसणाऱ्या आणि मध्ये आटे असलेल्या धातूच्या लहान दंडगोलाचा. आडव्या दांडीच्या टोकात सरळ स्क्रू घातला तर त्याचे आटे तंतूंच्या लांबीला समांतर शिरतात, तंतू कापले जाऊन त्यांचा चुरा होतो आणि स्क्रूची पकड लवकर सुटते. म्हणून रचनाकार दांडीच्या बाजूने भोक पाडून त्यात हा दंडगोल बसवतो आणि टोकाकडून आलेला बोल्ट त्याच्या आट्यांत फिरवतो; ताण पडला की तो दंडगोल असंख्य अखंड तंतूंवर आडवा रेलतो. पूर्वी हेच काम खाच आणि तिच्यात बसणारे कुसू करीत असे. ज्याला हे ठाऊक आहे तो दंडगोलाची खोबण पेचकसाने फिरवून बोल्टाच्या रेषेत आणतो आणि मगच आवळू लागतो. ज्याला ठाऊक नाही तो तिरका बोल्ट जोराने रेटतो, आटे मोडतो आणि दोष लाकडाला देतो.

बोल्ट आवळण्याच्या क्रमाचेही असेच आहे. सर्व बोल्ट आधी बोटांनी सैल बसवावेत, वस्तू सपाट फरशीवर उभी करावी, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून समान करावेत, आणि मग फेरीफेरीने थोडे थोडे आवळावे. भूमितीच्या दृष्टीने पाहिले तर समोरासमोरच्या बाजू समान असलेला चौकोन कर्ण समान झाल्यावाचून काटकोनी होत नाही, आणि पहिलाच सांधा पुरता आवळला तर त्यातला अर्ध्या अंशाचा वाकडेपणा पुढच्या प्रत्येक सांध्यात उतरतो. अखेरचे आवळणे विजेच्या ड्रिलने न करता हाताने करावे, कारण सीडर किंवा पाइन यांसारख्या मऊ लाकडात वॉशर किती रुतला हे हाताला कळते, यंत्राला कळत नाही. तंतू एकदा चेचले गेले की तो सांधा पुन्हा पूर्वीसारखा घट्ट बसत नाही.

धातूच्या निवडीबाबत पत्रके तर बहुधा मौनच पाळतात. सीडरमध्ये टॅनिन असते आणि साध्या लोखंडाशी त्याचा संयोग होऊन निळसर काळे डाग पडतात. दाबाखाली रसायन मुरवलेल्या लाकडाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अमेरिकेत २००३ सालाच्या अखेरीपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण वापरले जाई. मुलांच्या खेळण्याच्या आणि जेवणाच्या जागी आर्सेनिक नको म्हणून ते मागे घेतले गेले, आणि त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत तांब्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. ओल्या लाकडातले हे तांबे जस्ताचा पातळ मुलामा खाऊन टाकते. म्हणून अशा लाकडाला वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्टच लागतात. किटच्या पिशवीतला एखादा बोल्ट हरवला म्हणून गॅरेजमधला हाताशी आला तो बोल्ट लावणारा माणूस दोन-तीन हिवाळ्यांनंतरच्या मोडतोडीची बीजे त्याच दिवशी पेरत असतो.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, निव्वळ चित्रांचे पत्रक कोणतीही भाषा बोलणाऱ्याला वाचता येते. परदेशात नव्याने आलेल्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या माणसाला शब्दांच्या चार पानांपेक्षा चित्रांचे एक पान अधिक उपयोगी पडते. हे मान्यच केले पाहिजे. पण कारणही चित्रात दाखवता येते: लांबट भोकाशेजारी दोन्ही दिशांना जाणारे बाण आणि वर एकदा सूर्य, एकदा ढग काढला तर त्याला कोणतीही भाषा लागणार नाही. कारण गाळणे ही चित्रलिपीची मर्यादा नाही. ग्राहकाला कारणाशी कर्तव्य नाही, असे आधीच ठरवून टाकल्याचा तो परिणाम आहे.

दुसरा आक्षेप असा की, ज्याला वेळ नाही त्याने पैसे देऊन जोडून घ्यावे. वृद्धांना किंवा ज्यांच्या हातांना हे झेपत नाही त्यांना तसे करावेच लागेल आणि त्यात काही गैर नाही. तथापि जोडून देणारा त्याच दिवशी निघून जातो, आणि लाकूड मात्र पुढची कित्येक वर्षे त्याच घरात ऊन, पाऊस, बर्फ सोसत राहते. टोकाच्या कापातून, म्हणजे जिथे तंतूंच्या नळ्या उघड्या पडतात तिथून, पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने शिरते, म्हणून पायांच्या तळांना जोडणीपूर्वीच तेल किंवा लेप द्यावा लागतो. उन्हाने लाकूड करडे पडले म्हणजे ते कुजले असे नव्हे, कारण करडेपणा हा अतिनील किरणांनी वरच्या थरातले लिग्निन नष्ट केल्याचा परिणाम आहे, तर कुजणे हे बुरशीचे काम असून ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. हे घरातल्या कोणाला तरी ठाऊक असावेच लागते. नॉर्टन, मोचॉन आणि एरीली यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की माणसे स्वतः जोडून पुऱ्या केलेल्या वस्तूला अधिक मोल देतात. तो जिव्हाळा मोलाचा आहे, पण जिव्हाळ्याने सांधा टिकत नाही.

मराठी वाचकांपुढे हा विषय मांडण्याला आणखी एक आधार आहे. नांगराला बाभूळ आणि चौकटीला साग का, हे गावचा सुतार जाणत होता. परंतु बलुतेदारीच्या व्यवस्थेत ते ज्ञान एका जातीच्या घरांत कोंडले गेले, त्याला विद्येचा मान मिळाला नाही, आणि लेखणी धरणाऱ्या वर्गाने करवत धरणे कमीपणाचे मानले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने श्रम आणि शिक्षण यांतली ही भिंत पाडण्याचा मोठा प्रयत्न केला. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत आज अभियंते आणि डॉक्टर स्वतः गुडघ्यावर बसून खुर्ची जोडतात, हा बदल अभिमानास्पद आहे; पण ते काम बिनडोक समजूनच केले गेले, तर हात बदलले आणि हातकामाकडे पाहण्याची जुनी दृष्टी तशीच राहिली, असे म्हणावे लागेल.

म्हणून उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांनी वसंतात, डेकवरचे सामान बाहेर निघण्याच्या सुमारास, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी एकत्र असे एखादे जोडणीचे सत्र घ्यावे असा प्रस्ताव येथे मांडावासा वाटतो. मापाची फीत, गुण्या, पेचकस, ॲलन की, हातड्रिल आणि सपाट फरशीचा एक कोपरा एवढी सामग्री पुरते, आणि मंडळाच्या सभासदांत सुतारकाम जाणणारे कोणी असेल तर शिकवण्याचा मान त्यांचा असावा. पहिल्या सत्राला नवे किट आणू नये. कोणाच्या तरी घरची डुगडुगणारी, एखादी पट्टी चिरलेली जुनी खुर्ची आणावी आणि ती सुटी करावी, कारण नव्या किटमध्ये दिसतो तो फक्त क्रम, तर काळवंडलेला बोल्ट, रुतलेला वॉशर आणि दोन्ही कडांना जखडल्यामुळे मधोमध फाटलेली पट्टी यांत प्रत्येक चुकीचे कारण डोळ्यांनी पाहता येते आणि बोटाने दाखवता येते.