क्लिपा उतरवल्या म्हणजे जपल्या असं नव्हे



कुंडी भंडारा १६१५ चा, मुमताजबेगम १६३१ साली इथंच वारली, हे आपल्या बऱ्हाणपुरातलं शाळकरी पोरसुद्धा सांगतं. पण आपल्याच पणजीचा आवाज कुठल्या क्लिपमध्ये आहे, ते घरात कुणाला सांगता येत नाही. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा बारशापासून राजघाटापर्यंत सगळं आपण हौसेनं टिपलं. आता ती कार्डं डब्यात पडून आहेत. काही संगणकावर उतरवली, ती 'न्यू फोल्डर'मध्ये.

माझं स्पष्ट मत आहे, नाव नसलेली क्लिप म्हणजे खतावणी न झालेलं व्हाउचर. असून नसल्यासारखं. बँकेत ताळा जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. तीच शिस्त इथं लावावी.

कार्डावरून 'कट' करू नये, 'कॉपी'च करावं. दोन्हीकडं फायली किती, एकूण आकार किती, हे ताडून पाहावं. दोन-चार क्लिपा चालवून बघाव्यात, मगच कार्ड पुसावं. कॅमेरा ९९९९ नंतर पुन्हा १ पासून आकडे देतो. त्यामुळे दोन कार्डांवर एकाच नावाच्या फायली निघतात आणि एका फोल्डरात टाकल्या की एक दुसरीवर बसते. म्हणून प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर करावा. नाव द्यायचं ते आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि प्रसंग, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. पुष्कळ जुने कॅमेरे लांब चित्रणाचे ४ जीबीचे तुकडे करतात. ते तुकडे एकत्रच ठेवा, नाहीतर मंगलाष्टकं एकीकडं अन् अक्षता दुसरीकडं!

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. तो बघायला ठीक, पण मूळ फाईल म्हणून ठेवायला नाही. मूळ प्रती दोन हार्ड डिस्कवर असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी, लेकीकडं किंवा भावाकडं.

मुलं म्हणतात, "क्लाउडवर टाका बाबा, फोन चेहरे ओळखतो." ओळखतो ना! पण ही इतवाऱ्यातली आत्या की लालबागची मावशी, हे त्याला कोण सांगणार? ती बोलते ती खानदेशी वळणाची, मधेच हिंदीत शिरणारी मराठी आपल्या नातवंडांच्या तोंडी उरलेली नाही. ती कुठल्या पुस्तकात शोधायची? आहे ती या क्लिपांतच.

म्हणून यंत्राचं काम पोरांनी करावं, नावांचं काम आपण म्हाताऱ्यांनी. रविवारी तासभर शेजारी बसा. कोण, कुठं, कुणाचं लग्न, हे वहीत लिहून घ्या. क्लिपा अजून थांबतील एखादवेळेस. त्यातली माणसं ओळखणारे आपण मात्र दरवर्षी कमी होतोय.

पटलं तर या रविवारीच सुरुवात करा.