तोकड्या नोंदीचे घर कोणते?

कोशाच्या कचेरीत एक न्याय वर्षानुवर्षे चालत आला आहे. नोंद पाच-सहा ओळींतच आटोपली, की तिच्यावर 'ही शब्दकोशातली' असा शेरा मारायचा आणि ज्ञानकोशाच्या यादीतून तिचे नाव खोडायचे. शेरा मारणारा संपादक बहुधा विद्वान असतो, कामाखाली वाकलेला असतो, आणि पानांचा हिशेबही त्यालाच द्यावा लागतो. त्यामुळे हा न्याय तपासून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. वस्तुतः तो न्यायच नव्हे. कापड किती हात भरते हे मोजून ते सुती की रेशमी हे ठरवण्यासारखा हा प्रकार आहे.

मराठीत हा घोटाळा अधिक सहज होतो, कारण 'कोश' हे एकच नाव दोन्ही जातींच्या ग्रंथांना पुरते. अमरसिंहाचा ग्रंथ अमरकोश म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याचे खरे नाव 'नामलिंगानुशासन'. त्याची मांडणी विषयवार वर्गांची आहे आणि वरवर चाळणाऱ्यास तो ज्ञानकोश वाटावा. पण हत्तीविषयीच्या श्लोकांत हत्ती काय खातो, किती जगतो हे मिळत नाही. हत्तीला नावे किती, हे मिळते. उलट, १७५१ पासून निघू लागलेल्या दिदेरोच्या फ्रेंच ज्ञानकोशाने आपल्या शीर्षकातच स्वतःला शास्त्रे, कला आणि धंदे यांचा 'शब्दकोश' म्हणवून घेतले. तेव्हा नावावरून काही ठरत नाही. लांबीवरून तर त्याहून नाही.

मग ठरते कशावरून? नोंद शब्दाविषयी बोलते की वस्तूविषयी, एवढ्यावरून. 'मोट' ही नोंद घ्यावी. शब्दकोशाने सांगावे, की हा शब्द स्त्रीलिंगी आहे. एक मोट विहिरीवरची आणि दुसरी गाठोड्याची. आणि पक्षांची मोट बांधतात ती या दुसरीपैकी. एवढे सांगितले की शब्दकोशाचे काम झाले. ज्ञानकोशाला गाठोड्याशी कर्तव्य नाही. त्याने विहिरीवर जावे. कातड्याची मोठी पिशवी, तिला खाली सोंड. तोंडाला जाड नाडा, तो चाकावरून. सोंडेला बारीक सोंदूर, तो खालच्या कण्यावरून. उतरत्या धावेवरून बैल खाली गेले की भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यात उघडते, आणि कोणी हात न लावता पाणी पाटाला लागते. ही हकीकत चार ओळींत सांगितली काय आणि चार रकान्यांत सांगितली काय, ती वस्तूची हकीकत आहे.

याची एक सोपी कसोटीही आहे. नोंद दुसऱ्या भाषेत न्यावी आणि काय उरते ते पाहावे. याच साधनाला हिंदी प्रदेशात चरस किंवा पुर म्हणतात, कर्नाटकात कपिले, तमिळ भागात कवलै. चारही ठिकाणच्या शब्दकोशांना चार स्वतंत्र नोंदी कराव्या लागतील, आणि एकीची व्युत्पत्ती दुसरीला चालणार नाही. ज्ञानकोशाला मात्र या सर्वांची मिळून एकच नोंद लागते, आणि ती कोणत्याही भाषेत उभी राहते. देशातील सर्व भाषांचा एकत्र विचार ज्यांना करावा लागतो, त्यांना तरी हा भेद सांगावा लागू नये.

लांबीच्या कैवाऱ्यांनी दोन गोष्टींचे उत्तर द्यावे. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. तिला ज्ञानकोशात हलवा, असे कोणी म्हटलेले नाही. आणि १९७४ मध्ये ब्रिटानिकाने आपला ग्रंथ नव्याने रचला तेव्हा आखूड नोंदींसाठी दहा स्वतंत्र खंड राखले, नोंद साडेसातशे शब्दांपुढे जाऊ नये असे बंधन घातले, आणि त्यांना 'लघुज्ञानकोश' अशा अर्थाचे नाव दिले. शब्दकोश म्हटले नाही.

मराठीतले उदाहरण तर घरचेच आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे या जोडीने १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड काढले. पुढे 'सुलभ विश्वकोश'ही याच जोडीने सिद्ध केला. शब्दकोश हाताशी असताना विश्वकोश निराळा रचावा असे त्यांना वाटले. दोन्ही कामे निराळी आहेत, हे दोन्ही कामे केलेल्यांना ठाऊक होते.

पण हा वाद केवळ वर्गीकरणाचा असता तर त्यात एवढे बोलण्याजोगे काही नव्हते. नोंदीची लांबी कशाने ठरते? त्या विषयावर आधी किती लिहिले गेले आहे, याने. राजे, लढाया, मठ, पंथ यांवर कागदांचे ढीग असतात. नोंद आपोआप फुगते. धावेचा उतार, मोट शिवून देणाऱ्या चांभाराचे बलुते, सोंदूर किती आखूड ठेवावा याचे शहाणपण – यांवर कागद नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाड्या'सारखा एखादा ग्रंथ सोडला, तर लिहिणाऱ्यांनी तिकडे फारसे पाहिलेच नाही. मग नोंद तोकडी राहते, आणि ती तोकडी आहे म्हणून तिला ज्ञानाच्या घरातून उठवून शब्दांच्या ओसरीवर बसवले जाते. आधी लिहायचे नाही, आणि मग लिहिलेले थोडे आहे म्हणून वगळायचे, हा व्यवहार ज्यांच्या बाबतीत होतो ते कष्टकरी लोक नेमके तेच आहेत ज्यांच्याविषयी इतर ग्रंथांतही काही मिळत नाही. दिदेरोने कारागिरांच्या हत्यारांना दोन-दोन ओळींच्या का होईना, नोंदी दिल्या, त्या याच कारणाने मोलाच्या.

प्रतिपक्षाची एक बाजू मात्र खरी आहे. 'धर्म', 'स्वराज्य' अशा शब्दांत शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास सोलून वेगळे करता येत नाहीत. तेथे दोन्ही ग्रंथांनी आपापल्या टोकाने नोंद धरावी. थोडी पुनरुक्ती झाली तर होऊ द्यावी. तसेच, 'अमुक पाहा' एवढ्यावरच थांबणाऱ्या, वस्तूविषयी एक अक्षर न सांगणाऱ्या नोंदींचा कैवार कोणी घेणार नाही. त्या खुशाल शब्दकोशात जाव्यात. मोट त्यांतली नव्हे.

विहिरींवर आधी तेलाची इंजिने आणि मग विजेचे पंप बसले, धावा बुजल्या. सावता माळी यांच्या अभंगात आणि बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेत मोट आजही अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला भेटते. तो शब्दकोश उघडतो. तेथे 'विहिरीतून पाणी काढण्याचे चामडी साधन' एवढे वाचतो आणि बादलीची कल्पना करून पुढे जातो. थारोळ्यात आपसूक रिते होणारे पाणी त्याला दिसत नाही, आणि ते न दिसता त्या ओळींचा अर्थ त्याच्या हाती लागत नाही. त्याने ज्ञानकोशाचा 'म'चा खंड काढावा, तर तेथे 'मोगल' नंतर 'मोती'.